नाव पडत नाही, ठेवले जाते

यंदा आमच्या मराठी विभागाच्या भित्तिपत्रकासाठी मी द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक विषय दिला होता: 'आमच्या गावातील टोपणनावे आणि ती पडण्याची कारणे'. कोयनानगर आणि त्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून येणारी ही मुले. लोकसाहित्याच्या अभ्यासाला पूरक, लिहायला सोपा आणि कुणाच्या भावना न दुखावणारा असा हा विषय आहे, अशी माझी समजूत होती. आठ दिवसांत चाळीसेक नोंदी जमल्या. वीजगृहात नोकरी केलेले एक गृहस्थ 'लाइट'. दर दोन वाक्यांनी 'कायद्याने बघायचं तर' असे म्हणणारे 'वकील'. मुंबईची गिरणी बंद पडल्यावर गावी परतले, पण गोष्टी अजून तिकडच्याच सांगतात, म्हणून 'लालबाग'. त्याच यादीत एक 'लंगड्या', एक 'चकणा', दोन 'काळ्या' आणि एक 'येडी'. प्रत्येक नोंदीला कारण जोडलेले होते आणि प्रत्येक कारणाचे शेवटचे वाक्य जवळजवळ एकच होते: 'म्हणून त्यांना हे नाव पडले.'

त्या गठ्ठ्यात एक नोंद अशी होती: 'माझ्या काकांना गावात भूकंप म्हणतात. ते कॉलेजात असताना वर्गात बाक पडला, म्हणून हे नाव पडले.'

ही नोंद मी तीनदा वाचली, कारण तो बाक माझ्या तासाला पडला होता. मी तेव्हा तिशीतला, नवा अधिव्याख्याता. उशिरा आलेला एक मुलगा मागच्या रांगेकडे जाताना अडखळला, बाक दणकन उलटला, आणि फळ्यावरची नजरही न काढता मी म्हणालो, "भूकंप झाला वाटतं." वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना त्या मुलाच्या क्रमांकाशी आल्यावर मी विचारले, "भूकंप आला का?" वर्ग पुन्हा हसला, तोही हसला. लोकप्रिय होण्याची घाई झालेल्या मास्तराला एवढे पुरते. कोयनानगरमध्ये असा विनोद करायला फार बुद्धी लागत नाही. इथली जमीन अधूनमधून हलतच असते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ती हलली तेव्हा दीडशेहून अधिक माणसे गेली. त्या मुलाच्या वडिलांची थोरली बहीण त्या पहाटे भिंतीखाली सापडली होती, हे मला वर्षभराने कळले. आणि कळल्यावरही मी काही केले नाही. नाव तोवर वर्गातून गावात गेले होते. आज त्याचा पुतण्या, कुणालाही दोष न देता, लिहितो आहे की ते 'पडले'.

ते पडले नाही. मी ते ठेवले. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे, आणि ते आपण मराठीच्या अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी मनावर घ्यावे असे मला वाटते.

मराठीत पाऊस पडतो, अंधार पडतो, दुष्काळ पडतो, आणि नावही पडते. या क्रियांना जबाबदार कर्ता नसतो. पावसाला कोण जाब विचारणार? पण याच भाषेत 'नाव ठेवणे' हाही प्रयोग आहे. बारशाला आत्या बाळाच्या कानात सांगते ते ठेवलेले नाव. त्या प्रयोगाचे अनेकवचन करून पाहा: 'नावे ठेवणे' म्हणजे दोष काढणे. एका वचनाच्या फरकाने बारशाची निंदा करून टाकणारी ही भाषा नामकरणाच्या बाबतीत भोळी नाही. नाव देणारा आणि नाव झेलणारा यांच्यात काहीतरी घडते, हे तिला पक्के ठाऊक आहे. भोळे आहोत ते आपण अभ्यासक. टोपणनावाचे कारण विचारले की आपण ते नाव धारण करणाऱ्याच्या अंगात शोधतो: त्याचा पाय अधू, तिचा रंग सावळा, याची लकब अमुक. ठेवणाऱ्याकडे आपण वळूनही पाहत नाही. वस्तुतः कारण असते ते तिथेच.

मराठीच्या वर्गात 'टोपणनाव' हा शब्द उच्चारला की काय आठवते? 'जोड्या लावा'. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी, कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर, आरती प्रभु म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांपासून विद्यापीठीय वस्तुनिष्ठ प्रश्नांपर्यंत ही यादी पिढ्यान्‌पिढ्या फिरते आहे. तिला माझा विरोध नाही. माझी तक्रार अशी की तीसुद्धा आपण नीट वाचलेली नाही. तीत 'बालकवी' असतात. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांनी हे नाव घेतले नव्हते. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ते त्यांना वडीलधाऱ्यांनी दिले. त्याच यादीत 'विभावरी शिरूरकर' असतात. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा मालतीबाई बेडेकरांना या नावाची ढाल का लागली, आणि पुस्तकावर वादळ उठल्यावर ढालीमागे कोण आहे हे शोधण्याची महाराष्ट्राला एवढी घाई का झाली, हे विचारल्याशिवाय त्या टोपणनावाला अर्थ उरत नाही. हौसेने घेतलेले नाव, कौतुकाने मिळालेले नाव आणि भीतीपोटी पांघरलेले नाव ही तिन्ही आपण एका रकान्यात कोंबली आणि समोर फक्त मूळ नाव लिहायला शिकवले.

त्याहून मोठी उणीव अशी की ही यादी फक्त लेखणी हाती असलेल्यांची आहे. स्वतःचे दुसरे नाव स्वतः निवडण्याची चैन गावात कितीजणांना परवडते? बहुतेकांना ते दुसऱ्याकडून येते, आणि येते ते निवडीचा प्रश्नच नसल्यासारखे. कुसुमाग्रजांच्या नावामागची धाकटी बहीण आपण कौतुकाने सांगतो. 'लंगड्या'च्या नावामागचा पहिला हसणारा कोण, हे सांगण्याची पद्धत नाही.

यावर जे आक्षेप येतील ते मला ऐकू येत आहेत, कारण आमच्या प्राध्यापक कक्षात ते आधीच येऊन गेले आहेत. पहिला आक्षेप सोयीचा. गावात दहा मारुती असतात. हाक कुणाला मारली हे कळण्यासाठी काहीतरी खूण लागतेच. मान्य. पण ही गरज एवढेच सांगते की खूण हवी. कोणती खूण, हे ती सांगत नाही. दहा मारुतींपैकी एक 'वाड्यावरचा मारुती' होतो, एक 'मारुती गुरुजी' होतो आणि एक 'लंगडा मारुती' होतो. वाड्यावरच्या मारुतीचेही पाय वाकडे असू शकतात. पण त्याच्या पायांकडे पाहून नाव ठेवण्याची हिंमत कुणाला होत नाही. ज्याच्याकडे जमीन, हुद्दा किंवा घराणे आहे त्याची ओळख त्यावरून ठरते. ज्याच्याकडे यातले काही नाही त्याच्याजवळ ओळखीसाठी उरते ते शरीर. टोपणनावे ही गावाच्या विनोदबुद्धीची वही असेल. पण ती वही सातबाऱ्याच्या उताऱ्याशी ताडून पाहिली तर फार वेगळी वाचता येते.

प्रत्ययांचेच बघा. 'बाळ' हा शब्द एकच. त्याला '-या' लागला की 'बाळ्या', आणि 'साहेब' लागला की 'बाळासाहेब'. पाळण्यातले लाडके नाव दोन घरांतून बाहेर पडते. एक गुरांमागे जाते आणि दुसरे सभेच्या व्यासपीठावर. टिळकांचे ठेवलेले नाव केशव होते. घरातले 'बाळ' हे लाडनाव त्यांना कायमचे चिकटले आणि त्याच नावाने ते लोकमान्य झाले. लाडनावाने माणूस लहान होतो असे म्हणूनच म्हणता येत नाही. ते नाव कोणाच्या तोंडी, कोणत्या स्वरात येते यावर सारे अवलंबून असते. तुकाराम स्वतःला 'तुका' म्हणवून घेतो, नामदेव 'नामा' होतो. आपली नाममुद्रा अशी छाटून घेणे हे भक्ताचे स्वातंत्र्य आहे, कारण समोर विठोबा आहे आणि छाटणारा हात स्वतःचा आहे. तेच नाव सावकाराने छाटले असते तर त्याला आपण नम्रता म्हटले नसते.

दुसरा आक्षेप साहित्याचा. ग्रामीण साहित्यातली सगळी गंमत या नावांत आहे, ती काढली तर उरेल काय? मीही मिरासदार आणि शंकर पाटील यांच्या कथांना हसतच वाढलो आहे. कुणाचे हसू काढून घेण्याचा माझा विचार नाही. पण आमच्या जिल्ह्यांच्या शेजघरातले पुस्तक घ्या: व्यंकटेश माडगूळकरांचे 'माणदेशी माणसे', १९४९ साली प्रसिद्ध झालेले. नुसती अनुक्रमणिका वाचा. धर्मा रामोशी, शिदा चांभार, रामा मैलकुली. माणसाचे नाव दोन अक्षरांचे, त्यामागे जात किंवा काम. गाव ज्या रीतीने हाक मारीत होते त्या रीतीने लेखकाने ती नोंदवली; तो त्याचा प्रामाणिकपणा आहे, आणि पानांच्या आत त्या माणसांना त्याने जो जिव्हाळा दिला तो गावाने दिलेला नव्हता. चूक लेखकाची नाही, आपली आहे. गेली कित्येक दशके आपण वर्गात या शीर्षकांवरून 'अस्सल मातीचा गंध' शिकवला. शिदाच्या नावापुढे चांभार का आणि नामा मास्तरच्या नावापुढे मास्तर का, हा प्रश्न परीक्षेत आला नाही म्हणून आपल्याला पडला नाही.

तिसरा आक्षेप सर्वात चिवट आहे: 'प्रेमाने म्हणतात हो!' यावर मला जे सांगायचे आहे त्यासाठी सातारा जिल्ह्यातलीच एक गोष्ट पुरेशी आहे. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने २८५ मुलींचे सामुदायिक नामकरण झाले. या मुलींची नावे 'नकुशी', 'नकोशी', 'नकुसा' अशी होती. लागोपाठ मुली झाल्या की शेवटच्या मुलीला हे नाव द्यायचे, म्हणजे पुढच्या खेपेला मुलगा होतो, ही समजूत. त्या वर्षीच्या जनगणनेचे प्राथमिक आकडे येऊन काही महिने झाले होते आणि देशात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ९१४ मुली असल्याचे त्यातून दिसले होते; २००१ साली त्या ९२७ होत्या. समारंभात मुलींना नव्या नावांची प्रमाणपत्रे मिळाली. कुणी देवीचे नाव घेतले, कुणी सिनेमातल्या नटीचे. वृत्तपत्रांतून छायाचित्रे आली, आपण सगळ्यांनी हळहळून अंधश्रद्धेचा निषेध केला आणि विषय संपला.

माझ्या मते नामकरणाचा अभ्यास तिथे सुरू व्हायला हवा होता. आपल्याकडे ओंगळ नावे ठेवण्याची जुनी रीत आहे. आधीची मुले दगावली की पुढच्याला दगडू, धोंडू, केरू, भिकू म्हणायचे. मृत्यूला ते पोर नेण्यासारखे वाटू नये म्हणून. दगडू हे नाव दिसायला खडबडीत, पण त्यामागची विनवणी 'राहा' अशी आहे. नकुशीमागची विनवणी 'नको' अशी आहे. तीही तिला उद्देशून नाही, अजून न जन्मलेल्या भावाला उद्देशून आहे. स्वतःच्या नावाने हाक मारली जाताना दर वेळी दुसऱ्याला बोलावले जाते आहे, अशी ती अवस्था. ठेवणाऱ्याची इच्छा आणि धारण करणारीचे आयुष्य यांच्यातले अंतर इतके उघडे क्वचितच पाहायला मिळते. नकुशीत काय होते म्हणून तिला हे नाव 'पडले'? काहीही नव्हते. कारण सगळे ठेवणाऱ्यांकडे होते. आणि त्या घरांत प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? त्याच आईने तिला न्हाऊमाखू घातले, शाळेत धाडले. प्रेम होते आणि नावही होते. प्रेमाने म्हटल्यामुळे नावाचा अर्थ बदलत नाही. फार तर ऐकणारीला तक्रार करणे अवघड होते. वर्गातल्या त्या मुलाचेही तसेच झाले असणार. सर हसून म्हणतात, मग आपणही हसायचे.

दगडूची गोष्टही एवढ्यावर संपत नाही. धोंडो हे नाव कर्व्यांच्या घरात ठेवले गेले, आणि त्याच्या मागे पुढे 'महर्षी' लागले. दलित वस्तीत ठेवलेला दगडू मोठेपणीही 'दगड्या'च राहिला. शूद्राचे नाव तुच्छतादर्शक असावे, हा दंडक मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. गावाने तो वाचला नव्हता, पण पाळला मात्र काटेकोर. १९७८ साली दया पवारांनी 'बलुतं' लिहिले तेव्हा प्रतिष्ठित दया पवार आणि मागे राहिलेला दगडू मारुती पवार यांना त्यांनी समोरासमोर बसवले. एका माणसाच्या दोन नावांतले ते अंतर म्हणजेच त्या पुस्तकाचा विषय आहे. आपण 'जोड्या लावा'मध्ये त्या दोघांना एका रेघेने जोडून मोकळे झालो.

स्त्रियांबाबत तर नकुशी हे टोक आहे, अपवाद नाही. अनेक घरांत लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने तिचे नवे नाव लिहितो. जन्मापासून ज्या हाकेला ती वळली ती हाक त्या दिवशी बंद. तिने त्याचे नाव मात्र उच्चारायचे नाही. उच्चारायचेच तर यमक जुळवून, उखाण्यात, चारचौघींच्या आग्रहाखातर. एकाने नाव ठेवायचे, दुसरीने नाव घ्यायचे. उखाणा हा लोकवाङ्मयाचा सुंदर प्रकार आहे असे आपण शिकवतो आणि तो आहेही. पण तो ज्या मनाईतून उगवला तिचा उल्लेख आपल्या टिपणांत एका ओळीपेक्षा जास्त नसतो. आमच्या भित्तिपत्रकाच्या नोंदींत स्वतःच्या गुणाने वा खोडीने टोपणनाव मिळवलेल्या बायका जवळजवळ नव्हत्याच. होत्या त्या 'पाटणची', 'कराडवाली', 'लाइटची बायको'. टोपणनावसुद्धा त्यांच्या वाट्याला नवऱ्याचे आले होते.

सरकारही नावे ठेवते, आणि तेही 'पडले'च्या आविर्भावात. आमच्या खोऱ्यात दोन नावे घरोघर आहेत: धरणग्रस्त आणि भूकंपग्रस्त. 'ग्रस्त' म्हणजे गिळलेला. ग्रहणात चंद्र ग्रस्त होतो. कुणी गिळले याचा पत्ता या शब्दांत नाही. भूकंपाचे एक वेळ समजू शकते, पण धरण आभाळातून पडलेले नाही. ते बांधायचे ठरवणारे होते, आराखडे होते, पाण्याखाली जाणाऱ्या गावांची यादी होती. तरी हे नाव मिळवण्यासाठी लोक कचेरीत खेटे घालतात, कारण त्या दाखल्याला नोकरीचा हक्क जोडलेला आहे. ज्या नावाने काहीतरी परत मिळते ते नाव माणूस रांगेत उभा राहून मागून घेतो. हे समजून घेतले पाहिजे, हसता कामा नये. याउलट १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतः जे नाव ठेवले त्यात परत मिळण्यासारखे काही नव्हते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तेव्हा त्यांना 'विमुक्त' हे आणखी एक नाव मिळाले. जुने मात्र गावाच्या जिभेवरून आजही पुरते उतरलेले नाही.

मग टोपणनावे ठेवूच नयेत काय? असे म्हणणारा माणूस सातारा जिल्ह्यात राहण्याच्या लायकीचा नाही. याच मुलखात, म्हणजे आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत, १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली इंग्रजांना समांतर सरकार उभे राहिले. चळवळीचे नाव 'प्रतिसरकार'. लोकांच्या तोंडी झाले 'पत्री सरकार'. बैलाच्या खुराला ठोकतात ती पत्री. फितुरांच्या पायांना हे सरकार तशी पत्री ठोकते, अशी बोलवा या नावाला चिकटली. शब्द नुसता जिभेवर घसरला की मुद्दाम घसरवला, यावर वाद घालता येईल. त्या नावाने दरारा कुणाला वाटला याबद्दल वाद नाही. खालच्यांनी वरच्यांना धडकी भरावी म्हणून ठेवलेले, त्यांच्या कानावर जावे म्हणून बोललेले हे नाव होते. अशा नावांना माझा मुजरा आहे.

फरक ओळखायला मी एक साधी कसोटी वापरतो. तिला उलट हाकेची कसोटी म्हणू. ज्याला तुम्ही टोपणनावाने हाक मारता, तो तुम्हाला तुमच्या टोपणनावाने, तुमच्या तोंडावर, तितक्याच मोठ्याने हाक मारू शकतो का? दोन मित्र मारतात. 'वकील' आणि 'लालबाग' पारावर बसून एकमेकांना दिवसभर त्याच नावांनी बोलावतात आणि त्यात कुणाचे काही जात नाही. जिथे उलट हाक मारता येत नाही तिथे ते नाव म्हणजे चेष्टा राहत नाही, डाग होतो. विद्यार्थ्यांनी मला ठेवलेले नाव असणारच. ते मला आजवर ऐकू आलेले नाही. मी ठेवलेले नाव मात्र त्या मुलाने तीन वर्षे हजेरीला ऐकले. वर जाणारे नाव पाठीमागून जाते आणि खाली येणारे तोंडावर येते. अधिकार म्हणजे काय, हे याहून सोपे करून मला सांगता येणार नाही.

हा डाग उलटवण्याचे काम मराठीत झाले आहे, आणि ते आपल्याच अभ्यासक्रमात पडून आहे. फलटणकडचे लक्ष्मण माने यांनी १९८० साली आत्मकथेला नाव दिले 'उपरा'. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली 'अक्करमाशी'. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली 'उचल्या'. किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ साली 'कोल्हाट्याचं पोर', आणि वडिलांच्या नावाच्या जागी आईचे नाव मुखपृष्ठावर लावले. ही चारही शीर्षके म्हणजे ठेवलेली नावे आहेत. 'अक्करमाशी' हा शब्द तर सोनाराच्या काट्यावरून आला आहे: तोळ्याला बारा मासे, हा अकराच भरतो, म्हणजे औरस नाही. ज्या हाकेने बालपणी मान खाली गेली तीच हाक या लेखकांनी उचलून पुस्तकाच्या कपाळावर लावली आणि वाचकाला सांगितले की आता हे नाव तुम्ही उच्चारा, वर्गात मोठ्याने उच्चारा, आणि उच्चारताना जीभ कुठे अडते ते पाहा. मराठीत स्वतःचे टोपणनाव घेणारे कवी पुष्कळ झाले. दुसऱ्याने ठेवलेले नाव हिसकावून घेऊन ते त्याच्याच दारात नेऊन ठेवण्याचे धैर्य मात्र या पुस्तकांनी दाखवले. नामकरणावरचे आपल्या भाषेतले सर्वात गंभीर चिंतन इथे आहे. आपण त्यावर प्रश्न काय विचारतो? 'उचल्या'चे लेखक कोण, आणि त्याला कोणता पुरस्कार मिळाला.

तेव्हा माझी मागणी लहान आहे. 'जोड्या लावा' राहू द्या. पण तिसरा रकाना जोडा: हे नाव कोणी ठेवले? आणि जमले तर चौथा: ज्याला ठेवले त्याने त्याचे काय केले? लोकसाहित्याच्या प्रकल्पांत टोपणनावे जरूर गोळा करा, पण 'पडले' हे क्रियापद त्या वहीत चालणार नाही असे पहिल्याच दिवशी सांगा. कर्ता लिहायला लावा. कर्ता सापडत नसेल तर निदान एवढे लिहा की गावातले कोणते लोक हे नाव तोंडावर घेतात आणि कोणते घेत नाहीत. विद्यार्थी आपोआप व्याकरणाकडून समाजशास्त्राकडे जाईल, आणि तिथून साहित्याकडे परत येईल तेव्हा 'माणदेशी माणसे'ची अनुक्रमणिका त्याला नव्याने वाचता येईल.

हे मी आमच्या वर्गात करून पाहिले, आणि त्यासाठी आधी मला माझी नोंद दुरुस्त करावी लागली. त्या मुलाला मी सांगितले की तुझ्या काकांचे नाव मी ठेवले होते. तो गोंधळला, मास्तरांनी चूक कबूल केली की विद्यार्थ्याला अवघडल्यासारखे होते. मग सर्वांनाच सांगितले की ज्यांची नावे आणली आहेत त्यांना जाऊन विचारा: हे भिंतीवर लावू का? आणि कोणी ठेवले? दोन दिवसांनी मुले परतली तेव्हा निम्म्याहून कमी नोंदी शिल्लक होत्या. 'वकील' खूश होऊन हो म्हणाले. 'लंगड्या'ने विचारणाऱ्या मुलीला आपले खरे नाव सांगितले; इतकी वर्षे शेजारी राहून ते तिला ठाऊक नव्हते. 'येडी'ची नोंद आणणारा मुलगा विचारायला गेलाच नाही. त्याने कागद परत मागून घेतला.

भूकंपची नोंद परत आली. काकांचा निरोप असा होता: "लावा. पण कुणी ठेवलं तेही लावा." आता ती भिंतीवर आहे. 'पडले' खोडून मी माझ्या हाताने 'ठेवले' लिहिले आहे, आणि कर्त्याच्या जागी माझे नाव.